संभामामाची हाक

ऊन कलायला लागलं, की सिद्धेश्वर धरणाकाठच्या माळावर संभामामाची हाक उमटायची: आधी छातीत घुमणारी, मग टाळूला लागून फाटणारी, आणि शेवटी धरणाच्या पाण्यावरून मंद होत परतणारी. खांद्यावर घोंगडं, डावा तळहात कानावर, डोळे मिटलेले. त्या हाकेसरशी पांगलेली मेंढरं गळ्यातल्या घंटा वाजवत त्याच्याकडे धावायची. कळप गोळा करायचा असेल किंवा लांडगा दिसला, तरच ती द्यायची. उगीच कधी नाही, हा आमच्या धनगरांचा नेम.

मी त्याचा सख्खा भाचा, सिनेमांना संगीत देणारा. एका मारधाडीच्या चित्रपटासाठी ढोल, सनई, इलेक्ट्रिक गिटार आणि यंत्राचे ठोके यांची मी मोट बांधली होती, पण तिच्यात प्राण नव्हता. तेव्हा मामा आठवला. काम पडलं की बरा आठवतो मामा!

भर दुपारी माळावर माईक रोवला. पहिल्या हाकेला सगळा कळप धावत आला आणि मामाकडे बघत उभा राहिला. घंटांचा गलका झाला, म्हणून पुन्हा घेतली. मग वारा आला, म्हणून पुन्हा. चौथ्या वेळी मामा घुटमळला.

"काहून रे फसवून राहिला मुक्या जिवायला? खोटी हाक ध्यानात ठेवतंय मेंढरू."

"मामा, आता शेवटची," म्हणत म्हणत मी एकूण नऊ वेळा घेतली. नवव्या हाकेला एकही मेंढरू हललं नाही. आणि मी करंटा हरखून गेलो, कारण ध्वनी अगदी निर्मळ मिळाला होता! आधीच्या आठही मी तिथंच पुसून टाकल्या.

पंधरा दिवसांनी दिवेलागणीला लांडगे आले. मामानं घसा फुटेस्तोवर हाक दिली. मेंढरं खाली मान घालून चरत राहिली. अकरा गेली. फोनवर तो एवढंच म्हणाला, "तुझं काम तं बराबर झालं न्हवं, लेकरा?" त्यानंतर त्यानं हाक कधी दिली नाही. नुसती काठी आपटत कळपामागं हिंडला, आणि गेल्या उन्हाळ्यात गेला.

आता हिंगोलीच्या थेटरात त्या हाकेवर शिट्ट्या पडतात, आणि मला मान वर करवत नाही. काळ माणूस नेतो, आवाज मागे ठेवतो. माझ्याजवळ मामाची एकच हाक उरली आहे, आणि ती ऐकून कुणीच धावलं नव्हतं.