घागऱ्यावरून टोचलेली चिनी सुई

त्या सकाळी आमच्या तांड्याच्या समाजमंदिरापुढं एवढी गर्दी, की लग्न आहे की काय वाटावं. घाटंजीहूनही गाड्या भरून माणसं आली होती. मधोमध खुर्चीवर सुईबाबा. पिवळा रेशमी सदरा, त्यावर आग ओकणारा साप. चीनमध्ये शिकून आला म्हणे. म्हाताऱ्या काठी टेकत येत, गुडघ्यात सुया टोचून घेत, वर बाबानं पांढरी पुडी टाकलेला चिनी चहा पीत आणि दुसऱ्या दिवशी कापूस वेचायला पळत.

"माताजी, घागरा वर नही करने का!" बाबा ओरडायचा. "चिनी सुई कपडे में से नस ढूंढती!"

इथंच आमच्या बाया फसल्या. परक्या पुरुषापुढं गुडघा उघडा करणं तांड्यात कोणाला जमतं? त्या लाजेपायीच दवाखाना टाळायच्या. हा तर लाजही राखत होता आणि दुखणंही काढत होता!

माझी धाकटी जाऊ भुरीबाई त्याची भगतीणच झाली. सुईनं साखरेचा आजारही जातो, असं बाबा बोलला आणि हिनं गोळ्या बंद केल्या. गुडघे हलके झाले खरे, पण माठभर पाणी पिऊनही तहान जाईना.

"डोळ्यापुढं धुकं येऊन राह्यलं, बाई," ती म्हणाली. "बाबा म्हणते, जहर बाहेर पडून राह्यलं."

"बाहेर नाही, आत जाऊन राह्यलं. उद्या दवाखान्यात चाल."

"माहा गुडघा बरा झाला म्हणून तुमचा जीव जळते!"

ती माझ्या हाताखाली वाढलेली. तिचे डोळे मी असे जाऊ देणार होते काय? दुसरीपर्यंत शिकले, पण अक्कल काय शाळेत वाटतात? मी नव्या कापसाची चार बोटं जाड उशी शिवली, गुडघ्यावर बांधली, वरून घागरा सोडला आणि बाबापुढं जाऊन बसले.

त्यानं बोटाएवढ्या सुया खोचल्या. "चायना का करंट आया, माताजी?"

"आला ना बाबा! पार मेंदूत गेला!"

"देखो! नस पकड ली!"

टाळ्या पडल्या. मी उठले, आतली गाठ सोडली आणि उशी काढून त्याच्या मांडीवर ठेवली. सुया घागऱ्यालाच लटकत होत्या.

"नस कापसात सापडली का सरकीत?"

हसता हसता बायांचे पदर ढळले. बाबा चाचरला, "करंट रुई में से भी जाता है!"

"मंग घरीच बस ना, तिथूनच पाठव!"

भुरी तेवढी हसली नाही. "सुई खोटी, तर माहा गुडघा काहून बरा झाला?"

सवाल बरोबर होता. सुई वगळली तर उरला चहा. मी चहात टाकायची पांढरी पुडी बाबाच्या पेटीतून उचलली आणि भुरीचं मनगट धरून दवाखाना गाठला.

डॉक्टर उर्वशीबाईंनी साखर तपासली आणि भुरीला तिथंच भरती केलं. पुडी तपासायला पाठवली, स्टेरॉईड निघालं.

"यानं दुखणं झटक्यात दबतं," त्या म्हणाल्या, "पण साखर भडकते, हाडं ठिसूळ होतात. उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं."

"मंग चिनी सुया साऱ्याच खोट्या?" मी विचारलं.

"शिकलेल्या माणसानं स्वच्छ सुईनं टोचलं तर कोणाला थोडा आराम पडतो. त्यावरही वाद आहे. पण झिजलेला गुडघा सुईनं नवा होत नाही. साखर तर मुळीच जात नाही."

तिकडं त्याच दिवशी बाबाला बायांनी पोलीस येईस्तोवर त्याच्याच खुर्चीवर बसवून ठेवलं. चीन राहिला दूर, गडी मारेगावच्या पुढं कधी गेला नव्हता!

भुरीच्या डोळ्यांवरचं धुकं गेलं. गुडघा परत दुखतो. डॉक्टरबाईंनी शिकवल्याप्रमाणे ती खाटेवर पडून पाय उचलते आणि दर वेळी मला शिव्या घालते. घालू दे, जिवंत आहे.

बायांनो, औषध देणाऱ्याला एकच विचारा, यात काय आहे? जो देवाकडं नाहीतर चीनकडं बोट दाखवेल, त्याच्यापुढून उठा. आणि डॉक्टरपुढं गुडघा उघडा करायला लाजू नका. मीही केला. आभाळ काही कोसळलं नाही.