तळटीप क्रमांक सात

आर्ट्सला का गेलीस, हा प्रश्न मला तलासरीच्या एसटी स्टँडवरच्या चहावाल्यानेसुद्धा विचारलाय. सायन्सवाल्यांना कोणी विचारत नाही. मी म्हणायचे, जागा होती म्हणून. खरं कारण सांगायची लाज वाटायची. मला वाटायचं, आर्ट्समध्ये माणसांबद्दल शिकवतात.

डहाणूच्या आमच्या कॉलेजात विषय निवडायचे म्हणजे पंगतीत ताट पुढे करायचं. वाढणारा वाढेल ते खायचं. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह अशी भारदस्त नावं, पण वेळापत्रकात जे बसेल ते आपलं. पहिल्या वर्षी अर्थशास्त्र घेतलं, तेव्हा कळलं की आमचं घर हे ‘असंघटित क्षेत्र’ आहे. समाजशास्त्रात माझी आई एका तक्त्यात सापडली, तिसऱ्या रकान्यात. इतिहासात आमच्या तालुक्याला अर्धं पान होतं आणि ते परीक्षेला नव्हतं. इंग्रजीत बर्फावरची एक कविता होती. बर्फ मी फक्त मासळीच्या टोपलीत पाहिलेला. तरी मी सगळं पाठ केलं, कारण पाठांतर हे माझं हुकमी हत्यार.

दुसऱ्या वर्षी लोकसाहित्य आलं, आणि सुषमा मॅडम आल्या.

त्यांनी पहिल्याच तासाला फळ्यावर काही लिहिलं नाही. खुर्ची पुढे ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “तुमच्याकडे लग्नात कोण गातं? मला काहीच माहीत नाही, तुम्ही सांगा.” वर्षभरात पहिल्यांदा कोणीतरी मला शिकवण्याऐवजी विचारत होतं. मी विरघळले, सरळ सांगते. तासभर बोलत होते. मॅडम लिहून घेत होत्या आणि मधूनमधून माझ्याकडे अशा बघत होत्या, की मला वाटलं आपण खरंच काहीतरी आहोत.

सांगत होते ते शुक्रीफुईबद्दल. फुई म्हणजे बाबांची बहीण. ती धवलेरी आहे. आमच्याकडे लग्नात भिंतीवर पिठाने चौक, म्हणजे लग्नाचं चित्र, काढतात आणि त्याच्यासमोर धवलेरी गाते. तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. गाणं पाऊण तासाचं. शेवटाकडे त्यात नवरीचं नाव घालतात. ते नाव आलं की लग्न लागलं. पाड्यातल्या निम्म्या बायकांची लग्नं फुईच्या तोंडून लागलेली आहेत.

मॅडम म्हणाल्या, “प्रकल्पासाठी हेच घे. रेकॉर्ड करून आण.”

फुई ऐकेचना. लग्न नसताना हे गाणं गात नाहीत. मी आठ दिवस तिच्या मागे लागले, तिची लाकडं आणली, पाणी भरलं, रडूनही झालं. (फुई आमच्या बोलीत बोलते. इथे मी ती सोपी करून लिहितेय. ही सवय कॉलेजने लावली.)

“नाव घ्यायला लागतं पोरी,” ती म्हणाली. “बिननावाचं गाणं अर्धं राहातं, घरात फिरत बसतं. आन् कुना बाईचं नाव घेतलं तर तिचं लगीन लागलं. तुझं घेऊ का?”

“मग कोणाचं?”

ती उठली. मग अंगणातली तिची शेळी सोडून आणली. बांडी तिचं नाव, काळ्या-पांढऱ्या डागांची. फुईने तिच्या कपाळाला हळद लावली, तिला भिंतीजवळ बांधलं, आणि जिथे नवरीचं नाव यायचं तिथे शेळीचं घेतलं. “चौकापाशी ये गं बांडी, तुझा मांडव घातला.” मला हसू आवरेना. फुई हसली नाही. गाणं संपल्यावर म्हणाली, “आता हिला विकायची नाय, कापायची नाय. आन् हे गाणं तुझ्या मास्तरीणबायने एकटीने ऐकायचं. बाहेर गेलं नाय पायजे.”

मी मॅडमना सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला. “तुझ्या फुईचा आवाज माझ्या कपाटातून बाहेर जाणार नाही, तुळशी. शब्द देते.”

मी तो शब्द जसाच्या तसा फुईला पोचवला. प्रकल्प एकेचाळीस पानांचा झाला. शेळीची सगळी हकिगत मी तळटीप क्रमांक सातमध्ये लिहिली. मला चाळीसपैकी अडतीस मिळाले. फुईला सांगितलं तर ती म्हणाली, दोन कुठे गेले?

मे महिन्यात चिमणकाकांच्या रुपलचं लग्न निघालं. घर आमच्याच पाड्यातलं. फुई होळीपासून खोकत होती, तरी तिने लुगडं धुऊन ठेवलं होतं. बोलावणं आलं, पण पाहुणी म्हणून. चिमणकाका स्वतः आले होते. म्हणाले, “शुक्रे, तू आजारी. तुला कशाला त्रास? तुझंच गाणं मोबाइलवर मिळालं, कॉलेजवाल्यांनी टाकलंय. आवाज तुझाच, म्हणजे तूच गायलीस ना? नावाच्या जागी बाया रुपलचं नाव घेतील.”

फुईला वाटलं तो चेष्टा करतोय. मला मात्र मॅडमचं कपाट आठवलं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मी स्वतःची समजूत घातली, दुसरं कोणाचं असेल, मॅडमनी शब्द दिलाय.

लग्नाच्या दिवशी चौकाशेजारी माणसाच्या उंचीचा स्पीकर ठेवला होता. गाणं सुरू झालं. दुसऱ्याच ओळीला मागे शेळी ओरडली. ते माझंच रेकॉर्डिंग होतं. अख्खा मांडव कौतुकाने ऐकत होता. फुई बायकांच्या मागे बसली होती, स्वतःचाच आवाज खोक्यातून येतोय म्हणून डोळे मोठे करून. मी उठून ते बंद करावं, एवढी अक्कल मला सुचली नाही. मग नाव आलं.

“चौकापाशी ये गं बांडी, तुझा मांडव घातला.”

पाड्यात बांडी कोण हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. आधी कोणीतरी फिसकन हसलं. मग म्हाताऱ्या बायांनी तोंडाला पदर लावले, आणि हसणारे गप्प झाले. हळद लागलेली रुपल रडायला लागली. “बाबा, माझं लगीन लागलं का शेळीचं?”

चिमणकाका फुईकडे वळले. “शुक्री! माझ्या पोरीच्या चौकात शेळी घातलीस तू?”

फुई माझ्याकडे बघत होती. “तू बोललीस, कपाटात हाय.”

एवढंच. मग ती उठली, चौकासमोर जाऊन बसली आणि पहिल्यापासून गायला लागली, कारण रुपलचं नाव कोणीतरी घ्यायलाच हवं होतं. पाऊण तासाच्या गाण्याला दोन तास लागले. ओळीओळीला खोकला. मी पाणी नेलं तर तिने तांब्या माझ्या हातून घेतला नाही, शेजारणीच्या हातून घेतला. त्या दिवशी मला जेवढं परकं वाटलं तेवढं कॉलेजच्या पहिल्या दिवशीही वाटलं नव्हतं.

रुपलचं लग्न लागलं. पण त्यानंतर त्या मोसमात फुईला एकही बोलावणं आलं नाही. शेळीचं लग्न लावणारीला आपल्या चौकासमोर कोण बसवणार?

कॉलेज उघडेपर्यंत मला धीर नव्हता. मॅडम नरपडला चिकूच्या वाडीत राहतात, तिथे गेले. त्यांनी दार उघडलं आणि मला मिठीच मारली. “अगं, बरी आलीस! थांब.” आतून पुस्तक घेऊन आल्या. गुळगुळीत कव्हर, त्यावर भिंतीवरच्या चौकाचा फोटो. संकलन आणि संपादन, खाली त्यांचं नाव.

“आभार बघ,” त्या म्हणाल्या. आभारात बावीस नावं होती. त्यांच्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंच्या खाली मी होते, ‘विद्यार्थिनी कु. तुळशी’. फुई कुठेच नव्हती. ‘एक वृद्ध धवलेरी’ होती.

मी पानं उलटली. चौदाव्या पानावर गाणं होतं, पंधराव्यावर विवेचन. ‘बांडी ही मांडवाचे रक्षण करणारी प्राचीन देवता असावी.’ पुढे तीन पानं तिचं रूप, तिचा रंग, तिचं सुफलनाशी असलेलं नातं.

“मॅडम, ती शेळी आहे.”

“हो, तुझी टीप वाचली होती मी.”

मला वाटत होतं, त्या दचकतील. वाचायची राहून गेली असेल असं मी मनात धरून आले होते. वाटभर त्यांच्या वतीने मीच सबबी शोधल्या होत्या.

“मग?”

“तुळशी, शेळीचं लग्न छापलं असतं तर लोक हसले असते तुमच्यावर. मी तुमची बाजू सांभाळली. आणि चर्चासत्रात आवाज ऐकवावाच लागतो, पुरावा म्हणून. तिथून कोणी टाकला असेल. पण विचार कर, तुझ्या फुईनंतर हे गाणं उरलं असतं का?”

“तुम्ही शब्द दिला होतात.”

“शब्दाने जतन होत नाही गं,” त्या अगदी मायेने म्हणाल्या आणि मला विचारलं, चिकू नेतेस का घरी? मी नेले नाहीत. एसटीत बसून डहाणू ते तलासरी रडले. त्यांच्यापेक्षा माझा राग माझ्यावर जास्त होता. खुर्ची पुढे ओढून कोणी बसलं, की मी फुईसकट स्वतःला देऊन टाकते, एवढी मी स्वस्त.

घरी येऊन मी फुईच्या पायाशी बसले. म्हटलं, “मी लिहीन. ती शेळी होती हे सगळ्यांना कळेल असं लिहीन.”

“कुठं लिहिशील?”

“पेपरात. विद्यापीठात जातो तो.”

“मोठी मानसं वाचतात?”

“वाचतात.”

तेव्हा कुठे ती माझ्याशी पुन्हा बोलायला लागली. सकाळी मी बससाठी निघाले की विचारायची, “आज लिवायचा हाय का?” वर्षभर विचारत होती.

तिसऱ्या वर्षी मॅडमचं पुस्तक अभ्यासाला लागलं. वर्गात मी एकदा उठून बोलले. मॅडम हसून म्हणाल्या, “तुळशीचा या विषयाशी भावनिक संबंध आहे.” त्या सत्राला मला अंतर्गत गुण काठावरचे पडले आणि लोकसाहित्यात केटी लागली. मला, जी घरात जन्मल्यापासून ते ऐकत आलेय. शेवटच्या सत्रात तोच विषय पुन्हा द्यायचा होता. तो सुटला नाही तर पदवी नाही, आणि पदवी नाही तर बी.एड. नाही. बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं, आणखी एक वर्ष जमणार नाही.

एप्रिलमध्ये पेपर झाला. प्रश्न तिसरा, दहा गुण. ‘बांडी या लोकदेवतेचे स्वरूप सोदाहरण स्पष्ट करा.’

मी पेन खाली ठेवलं. वर्षभर ज्याची वाट बघितली ते समोर होतं. मी लिहिलं, ‘बांडी ही देवता नसून शुक्रीबाई नावाच्या धवलेरीची शेळी आहे.’ वाक्य वाचलं. खरं होतं, आणि परीक्षेतलं सगळ्यात वेडगळ वाक्य दिसत होतं. पेपर तपासणारे मॅडमच्याच पुस्तकावरून तपासणार होते, आणि ते मला तोंडपाठ होतं. घड्याळात पस्तीस मिनिटं उरली होती. मी त्या ओळीवर पट्टीने आडवी रेघ मारली.

‘बांडी ही मांडवाचे रक्षण करणारी प्राचीन देवता होय.’ मॅडमनी निदान ‘असावी’ लिहिलं होतं. मी ‘होय’ लिहिलं. तीन पानं लिहिली, पुरवणी लावली.

घरी पोचले तेव्हा फुई अंगणात बसली होती. बांडी शेजारी, आता म्हातारी झालेली, न विकलेली, न कापलेली.

“आज लिवायचा होता का?”

“हो.”

“बांडीचा आला?”

“आला.”

“मग? शेळी हाय म्हणून लिवलास?”

“लिहिलं,” मी म्हणाले.

फुईचा चेहरा असा उजळला, की मला मान वर करवेना. ती उठली, फणसाची फांदी ओढून थोडा पाला तोडला आणि बांडीच्या तोंडापुढे धरला. “ऐकलास?” ती शेळीला म्हणाली. “मोठी मानसं वाचतील आता.”

जूनमध्ये निकाल लागला. मी पास झाले.