माझ्या बिया आणि रंजीताचा डोळा

मित्रांनो, मानोऱ्याजवळच्या एका तांड्यात, ललिताबाईंच्या न्हाणीमागे उभं असलेलं सीताफळाचं जुनं झाड ते मी. मला कुणी लावलं नाही. न्हाणीच्या सांडपाण्यावर आपसूक वाढलो, म्हणून अंगी थोडा हट्टीपणा आहे. पूर्वी फुशारकीही होती, आता ती उरली नाही.

माझं कौतुक काय कमी होतं? बैलाच्या जखमेत किडे पडले की माझाच पाला वाटून भरत. फळांच्या फटी पांढुरक्या झाल्या की ललिताबाई ती काढून गव्हाच्या भुशात ठेवायच्या, आणि चौथ्या दिवशी सगळं घर गोड वासाने भरायचं. त्यांची नात रंजीता फार किडकिडीत होती. अंगणवाडीच्या ताई तिचं वजन करून दरवेळी तोंड पाडायच्या. मग ललिताबाईंनी तिला रोज दोन सीताफळं खाऊ घातली. काटा पुढे सरकला तेव्हा ताई म्हणाल्या, "आजी, पोरीले काय चारून राह्यल्या तुमी?" ललिताबाईंनी नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं. एवढा मोठा सत्कार माझा कधी झाला नव्हता.

पण गरात जशी गोडी, तसं माझ्या बियांत विष आहे. तांड्यातल्या बायका बिया कुटून तेलात कालवतात आणि उवांसाठी केसांना लावतात. ललिताबाईंनीही आयुष्यभर तेच केलं, कपाळाला फडकं घट्ट बांधून.

दिवाळीनंतर रंजीताचे आईवडील तिला घेऊन ऊसतोडीला निघाले. तिकडे पोरीचे केस कोण विंचरणार, म्हणून निघायच्या दिवशी सकाळी ललिताबाईंनी तिच्या डोक्याला ते तेल चोपडलं. गाडी दुपारी यायची होती. पण तेवढ्यात रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला. घाईघाईत फडकं सोडून त्यांनी पोरीच्या डोक्यावर पाणी ओतलं, आणि ते तेल ओघळून तिच्या डाव्या डोळ्यात गेलं.

माझं खोड धरून रंजीता रडत होती. "आजी, मिरची गेल्यावानी आग होऊन राह्यली."

ललिताबाई मुलाला म्हणाल्या, "धरमसिंग, इले दवाखान्यात ने. गाडीले थांबाले सांग."

"गाडी कोनासाठी थांबते माय? पानी मार, होते थंड."

ओल्या केसांनिशी पोर ट्रकमध्ये चढली.

चैत्रात ती परतली, तेव्हा त्या डोळ्याच्या बुबुळावर पांढरं फूल पडलेलं होतं. त्याच दिवशी आणली असती तर नजर वाचली असती, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवसापासून ललिताबाई माझ्या सावलीला बसल्या नाहीत. मीही स्वतःला माफ केलेलं नाही.

यंदा माझी फळं कुणी काढली नाहीत, ती फांदीवरच पिकून फुटली. काल रंजीता खाली पडलेलं एक फळ घेऊन आजीजवळ बसली. "आजी, तू बी खाय नं." ललिताबाईंनी खाल्लं नाही. पोरीच्या तोंडातली एकेक बी त्या आपल्या ओंजळीत घेत राहिल्या आणि सगळ्या बिया त्यांनी चुलीत टाकल्या. माझीच लेकरं ती, पण मला बरं वाटलं.

मित्रांनो, माझा गर पोटभर खा. बिया मात्र केसांना लावू नका. चुकून डोळ्यात गेलंच, तर पाण्याने धूत राहा आणि त्याच पावली दवाखाना गाठा. दारात गाडी कितीही हॉर्न वाजवत असली, तरी तिला खुशाल जाऊ द्या.