झाकून ठेवलेला संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. जुना म्हणजे वयाने. झिजलो म्हणावं, तर तेवढं काम मला कोणी करूच दिलं नाही.

राजेगावच्या अलीकडे, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या एका गावात मी राहतो. तिथल्या सार्वजनिक वाचनालयात मला आणलं तेव्हा फीत कापली, पेढे वाटले. 'आता जग गावात आलं,' असं भाषणात सांगितलं. इंटरनेटची तारही जोडली. मग वरून आदेश आला. इंटरनेट वापरायचं तर बालाघाटच्या ऑफिसची लेखी मंजुरी हवी. ग्रंथपाल मोतीलाल यांनी माझ्यावर प्लास्टिकचं आवरण घातलं. रोज ते वरून पुसायचे. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता.

एका दुपारी आम्रपाली धावत आली. बारावी झालेली, नर्सिंगला जायचं होतं. कॉलेजची निवड त्याच संध्याकाळपर्यंत इंटरनेटवर नोंदवायची होती. घरातला एकमेव स्मार्टफोन कामासाठी नागपूरला गेलेल्या बापाजवळ.

"मंजुरी आणली काय?" मोतीलालांनी विचारलं.

"काहून काका? वाचनालय त सगळ्यायचं हाये ना?"

"पुस्तकं सगळ्यायची. इंटरनेटवर कोणी भलतंच उघडलं त मले विचारतीन."

"तुमी बाजूले बसा. मी काय उघडते ते पाहा."

मोतीलालांचा हात आवरणापर्यंत आला. मला वाटलं, आता उचलतील. त्यांनी ते नीट सारखं केलं आणि ते खुर्चीवर जाऊन बसले.

आम्रपाली मिळेल त्या गाडीने गोंदियाला गेली. तिथल्या दुकानात तिचा नंबर लागला तेव्हा मुदत संपली होती. माझी तार जोडलेली होती, वीज होती, मी धडधाकट होतो. तरी तिचं वर्ष गेलं. या गोष्टीचा राग मला अजून येतो.

पुढची ग्रामसभा वाचनालयातच भरली. आम्रपालीची आई चंपाबाई बायकांमधून उठली.

सरपंच म्हणाले, "वरून नियम हाये, बाई. लोकं दुरुपयोग करतेत."

"लोकं पुस्तकाची पानंबी फाडतेत," चंपाबाई म्हणाली. "म्हून पुस्तकं बांधून ठेवली काय तुमी? माह्या पोरीचं वर्ष गेलं. त्याचा जबाब कोण देईन?"

मोतीलाल खाली पाहत राहिले.

दुसऱ्या सकाळी त्यांनी स्वतः माझं आवरण काढलं. आम्रपालीला निरोप धाडला. ते शेजारी बसून राहत, आणि पोरी अभ्यासाचे धडे ऐकत, म्हातारे पेन्शनची चौकशी करत. माझ्या आयुष्यातले तेच चांगले दिवस. यंदा आम्रपालीने माझ्यासमोर बसून कॉलेज निवडलं. आज ती जबलपूरला शिकते.

ती गेली आणि तपासणीला बालाघाटहून साहेब आले.

"बिना अनुमति के किसने चालू किया?"

"मी केलं, साहेब," मोतीलाल म्हणाले. या वेळी त्यांची मान वर होती.

साहेबांनी त्यांना नोटीस दिली आणि माझी तार काढायला लावली. नवं धोरण येईपर्यंत इंटरनेट बंद. धोरण कधी येणार, हे मोतीलाल दर सोमवारी फोन करून विचारतात. "ऊपर से आएगा," एवढंच उत्तर मिळतं. काल पौर्णिमा नावाची मुलगी दारात येऊन विचारून गेली. तिला पोलीस भरतीची माहिती पाहायची होती. मोतीलालांना तिच्याकडे बघवेना.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा असं तुम्हाला शिकवतात. मला मात्र असं जपू नका. तुमच्या वाचनालयात माझा एखादा भाऊबंद झाकलेला दिसला, तर तो कोणासाठी आणला, हे मोठ्यांना विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. माझ्या बटणांवरची अक्षरं अजून कोरी करकरीत आहेत. ती तुमच्या बोटांनी पुसली जावीत, एवढंच मला हवं आहे.