मला बंद केलं ती दुपार

मी ऑक्सिजनचं मशीन बोलतोय. कोलकात्यातल्या डमडमच्या एका दुकानातून घरोघरी भाड्याने जाणारा.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मला केवढी घमेंड! नाकाला माझी नळी लावली की माणसाची धाप कमी होते. देवाच्या खालोखाल आपणच, असं वाटायचं. बजबजपासून न्यू टाउनपर्यंत किती घरांत गुरगुरलो. माणूस बरा झाला की मला दाराबाहेर काढायची कोण घाई!

मग चारुदत्त मास्तरांकडे आलो. त्यांचा जन्म, नोकरी, संसार सगळं कोलकात्यातलं. फुप्फुसं पार थकलेली. ‘माझा शेवट घरीच होऊ दे, हॉस्पिटल नको,’ असा शब्द त्यांनी बायकोकडून, कालिंदीबाईंकडून घेतला होता.

एका दुपारी त्यांचा श्वास बदलला. आधी भराभर, मग उथळ, मग काहीच नाही. पुन्हा सुरू. असं होता होता एकदा खंड फारच लांबला. कालिंदीबाईंना वाटलं, संपलं. गंगेचा घाट हाकेच्या अंतरावर, देवघरात गंगाजळ कायमचं. त्यांनी घाईघाईने तुळशीचं पान आणि चमचाभर पाणी मास्तरांच्या तोंडात घातलं.

आणि मास्तरांनी श्वास घेतला. पाणी घशात घरघरू लागलं.

“आई, काय केलंस हे?” मुलगा सलील धावला. वडिलांना कुशीवर वळवून त्याने ॲम्ब्युलन्स बोलावली, मग मास्तरांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर वृंदांना फोन लावला. मी जीव खाऊन हवा लोटत होतो. भीतीने माझंच पाणी पाणी झालं होतं.

“कुशीवरच राहू द्या,” डॉक्टर म्हणाल्या. “आता त्यांना गिळता येत नाही, नुसते ओठ ओले करा. असे खंड पडणारच, घरघरही होईल. त्यांच्यापेक्षा ऐकणाऱ्यालाच त्याचा त्रास जास्त. हॉस्पिटलात नळ्या घालतील, पण हे थांबणार नाही. मशीनचाही आता फारसा उपयोग नाही.”

खाली भोंगा वाजला.

“आई, नेऊ या ना. नाहीतर जन्मभर मनात राहील.”

“राहील रे. माझ्याही राहील. पण मी ह्यांना शब्द दिलाय.”

सलील खाली गेला. ॲम्ब्युलन्स परत पाठवून एकटाच वर आला.

कालिंदीबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, “हे मशीन बंद कर. याच्या आवाजात ह्यांचा श्वास ऐकू येत नाही.”

मला फार लागलं ते. सलीलने बटण दाबलं.

त्या शांततेत मी पहिल्यांदाच माणसाचा श्वास नीट ऐकला. एक आला. मोठा खंड. मग आणखी एक, अगदी लहान. कालिंदीबाई ओल्या कापसाने ओठ पुसत होत्या, सलीलने पाय धरले होते. आम्ही तिघं पुढच्या श्वासाची वाट बघत राहिलो. तो आला नाही.

आता पुन्हा दुकानात आहे. बोलवाल तिथे येईन, राब राब राबेन. पण माझं काम संपलं असं डॉक्टर म्हणाले, तर उगीच माझ्याकडे बघत बसू नका. मला बंद करा आणि आपल्या माणसाजवळ बसा.