राक्षसाचा कोट

"हात वर. आता शेपूट जरा डावीकडे घ्या. तुमच्या डावीकडे हो, माझ्या नाही!" मास्तर तोंडातल्या टाचण्या सांभाळत म्हणाले.

राक्षसाने निमूटपणे शेपूट डावीकडे घेतलं. मास्तरांनी त्याच्या पाठीवर खडूची रेघ ओढली, जरा मागे सरून एक डोळा बारीक केला आणि "च्" केलं. ते "च्" ऐकून राक्षसाचा चेहरा पडला.

"परत उसवायचं?"

"खांद्यात झोळ येतोय."

"मागच्या वेळी बगलेत येत होता."

"बगलेतला काढला, म्हणून खांद्यात आला. झोळ जाणार कुठे बिचारा?"

"मग मिळणार कधी?"

"परवा," मास्तर म्हणाले.

मास्तरांचा 'परवा' गावात सगळ्यांच्या ओळखीचा होता. पोरं वाढून शाळेचा गणवेश लहान व्हायची वेळ आली की तो शिवून मिळे. एका नवरदेवाला सूट मिळाला तेव्हा त्याचं पोट सुटलं होतं, आणि सूट बसेना म्हणून मास्तरांनी वर त्यालाच झापलं होतं. तरी लोक येत, कारण एकदा हातात पडलेला कपडा जन्मभर साथ देई. राक्षस मात्र परगावचा. त्याला 'परवा' म्हणजे उद्यानंतरचा दिवस असं वाटायचं, आणि तो खरंच त्या दिवशी येऊन बाकावर बसायचा.

मुळात तो कोटासाठी आलेलाच नव्हता. तो आला होता काकूंना न्यायला.

काकू म्हणजे मास्तरांची बायको. दुकानाच्या मागच्या बाजूला पडदा लावलेला होता आणि पडद्यापलीकडे काकू काज-बटणाला बसायच्या. त्यांचं हृदय थकलं होतं. दुकानासमोरचा चढ चढताना मध्येच भिंतीला धरून उभ्या राहायच्या, आणि मास्तर कात्री हातात धरून त्यांचा श्वास खाली बसेपर्यंत काही कापायचे नाहीत. राक्षस दारात येऊन उभा राहिला त्या दुपारी मास्तरांनी सवयीने मान वर न करताच टेप काढली आणि त्याच्या छातीभोवती गुंडाळली. शिंगं दिसली तेव्हा छातीचं माप घेऊन झालं होतं.

"मी काकूंसाठी आलोय," राक्षस दबक्या आवाजात म्हणाला.

मास्तरांची पाचावर धारण बसली. पण हातातली टेप सुटली नाही, आणि टेप हातात असली की मास्तरांचं डोकं बरं चालायचं. त्यांनी राक्षसाच्या अंगावरचं फाटकं कांबळं बघितलं.

"थंडीत हेच घालता?"

"दुसरं नाही. आमच्या मापाचं तयार मिळत नाही कुठे."

"शिवून घ्यायचं मग."

"आजवर कुणी माप घेतलं नाही," राक्षस म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा ओला झाला.

तिथेच सौदा ठरला. कोट पूर्ण झाला, असं मास्तरांनी तोंडाने सांगितलं की मगच काकूंना न्यायचं. राक्षस शब्दाचा पक्का असतो. माणसांशी व्यवहार करताना ही फार अडचणीची खोड आहे, पण त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून कोटाचं घोंगडं भिजत पडलं. मास्तर बाही लावायचे, मग बाही उलटी लागली म्हणून काढायचे. अस्तर दोनदा रंग आवडला नाही म्हणून बदललं. शेपटासाठी मागे चीर ठेवायची की नाही यावर तर एक अख्खा आठवडा चर्चा झाली, त्यात शेजारचा न्हावी आणि समोरचा औषधवालाही पडला. राक्षस गावात रुळला. वीज गेली की तो तळहाताने इस्त्री करून द्यायचा. कपड्यांना जरा जळका वास यायचा, पण घडी अशी पडायची की लोक मुद्दाम वीज जायची वाट बघू लागले. न्हाव्याने त्याची शिंगं घासून गुळगुळीत केली. औषधवाल्याने दुकान उघडायला उशीर केला की लोक त्याला दम द्यायचे, "राक्षसाला सांगू का?" त्यावर राक्षस लाजायचा.

काकूंना मास्तरांनी सांगितलं होतं की लांबच्या गावचे एक मोठे अधिकारी आहेत, जरा विचित्र ठेवणीचे. काकूंनी "असतील बाई" म्हटलं आणि त्याला रोज चहा दिला.

"भाऊ, साखर किती?"

"काकू, तुम्ही घालाल तेवढी." राक्षस कप दोन्ही हातांनी धरायचा आणि त्यांच्याकडे बघायचं टाळायचा.

एके दिवशी मास्तर बटणं आणायला बाजारात गेले. त्यांना काळ्यापेक्षा काळी बटणं हवी होती. अशी बटणं नसतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून ते सगळी दुकानं पालथी घालून रिकाम्या हाताने, मोठ्या समाधानाने परत आले.

दुकानात राक्षस आरशासमोर उभा होता. अंगात कोट. बाह्या जागेवर, कॉलर जागेवर, बटणं साधीच पण लावलेली. काकू मास्तरांच्या यंत्रावर बसल्या होत्या. धाप लागली होती आणि ओठांत सुई होती. ती काढून त्यांनी टाचण्यांच्या गादीत टोचली.

"उसवलेलं सगळं शिवलं," त्या म्हणाल्या. "काजंही करून टाकली."

मास्तर बाकावर बसले. "अगं, काय केलंस हे? तुला ठाऊक तरी आहे का..."

"पडदा आहे तो, भिंत नाही. पहिल्या दिवशीच ऐकलं मी. आणि अधिकाऱ्याला शेपूट असतं होय?"

"मग ठाऊक असून शिवलंस?"

"किती बघायचं हो? एवढं चांगलं कापड, उसवून उसवून चाळण केलीत त्याची. झोप नाही, जेवण नाही. मला धाप लागली की माझ्याआधी तुम्हीच गार पडता. मला जायची भीती नाही वाटत. तुमचं हे असं बघवत नाही."

राक्षसाने घसा खाकरला. "काकू, मला खरंच घाई नाही. वरून विचारतात मधून मधून. पण मी सांगतो त्यांना, परवा आणतो म्हणून."

"तुम्ही गप्प बसा. गिऱ्हाइकाने मध्ये बोलू नये."

राक्षसाने कोटाचं खालचं बटण चाचपलं. मग हळूच म्हणाला, "पण मास्तरांनी झाला म्हटल्याशिवाय झाला नाही. तसं ठरलंय." आणि तो मास्तरांकडे असं बघू लागला, की जणू त्याचाच जीव टांगणीला लागला होता.

मास्तर उठले. राक्षसाभोवती फिरले. खांद्यावरून हात फिरवला, बगलेत बोट घालून बघितलं, खालची कड ताणून बघितली. कुठे झोळ नाही, चुणी नाही. चाळण झालेल्या कापडावर काकूंनी आतून अशी बारीक शिवण घातली होती की उसवल्याची खूण शोधून सापडेना. काजं तर डोळ्यांत भरावी अशी. पण नुसतं एक "च्" करायचा अवकाश, की कोट उतरला असता आणि काकू उठून संध्याकाळच्या चहाला लागल्या असत्या.

मास्तरांनी तोंड उघडलं. काकू त्यांच्याकडे बघत होत्या. काम हातात देताना त्या नेहमीच अशा बघायच्या, आणि मास्तरांनी प्रत्येक वेळी "च्" केलं होतं. कधी टाका लांब म्हणून, कधी दोरा जाड म्हणून, कधी उगाचच. आयुष्यभर फुकट उधळलेलं ते "च्" आज खरं उपयोगाचं होतं, आणि ते काही केल्या तोंडातून निघेना. एवढं काम करून बसलेल्या बाईला वाईट आहे म्हणून सांगायचं कसं?

"झालाय," मास्तर म्हणाले. त्यांनी वरच्या काजावरून अंगठा फिरवला. "असा कोट माझ्या हातून झाला नसता."

राक्षसाने मान खाली घातली.

"बोललात एकदाचे," काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा नव्या नवरीसारखा लाल झाला होता. त्या उठल्या, कपड्यांवरचे दोरे झटकले, मास्तरांच्या गळ्यातली टेप नीट केली. "दूध तापवायचं राहिलंय, तेवढं बघा. उतू घालवू नका."

"मी येऊ कोपऱ्यापर्यंत?"

"नको. तुम्ही रडाल, आणि हे भाऊ आधीच रडताहेत."

मास्तर पायरीवर उभे राहिले. राक्षसाने काकूंना हात दिला होता आणि काकू त्याला बोलत होत्या, खिशात हात कोंबू नका, खिसे लोंबतात. बसताना खालचं बटण सोडत जा. आणि पावसात भिजलात तर उन्हात वाळवू नका, सावलीत वाळवा. राक्षस मान डोलावत होता. चढ संपत आला तरी काकू बोलतच होत्या, मध्ये कुठेही श्वास घ्यायला न थांबता.