पुलाच्या रंगावर बावीस मिनिटं

माशाच्या वड्या, गोड बीन्स आणि दुधाळ चहा घेऊन अर्थमंत्री एल्स्पेथ गिलिस विधानसभेच्या तळघरातल्या कॅन्टीनमध्ये बसल्या होत्या आणि टेबलाखाली त्यांनी बूट काढून ठेवले होते. अर्थसंकल्पाच्या दिवशी अर्थमंत्र्याने नवे बूट घालून सभागृहात जायचं, फोटो काढून घ्यायचा, ही कॅनडातली रीत. फोटो छापून येऊन तीन आठवडे झाले, तरी बूट काही केल्या सैल होत नव्हते.

"आज शेवटचे चार तास, मॅडम," समोर बसलेले सचिव वेंडेल सुरेट म्हणाले. "एकला सुरू, पाचला घंटा. मग खर्चाच्या सगळ्या मागण्या एकगठ्ठा मतदानाला. सुटलो एकदाचे."

सरकारच्या वर्षभराच्या खर्चावर आणि करांवर प्रश्न विचारायला आमच्या प्रांतात चाळीस तास मिळतात. चाळीस म्हणजे चाळीस. तेवढ्यात जे विचारलं ते विचारलं, राहिलं ते न विचारताच मंजूर. आता तास मोजूनच मिळणार म्हटल्यावर ते खायचे कसे, ही विद्या प्रत्येक पक्ष सत्तेत आल्याबरोबर शिकतो. सत्ताधारी आमदारांनीच उठून मंत्र्याला गोडगोड प्रश्न विचारायचे आणि मंत्र्याने उत्तराचं लांबण लावायचं. याला कुणी लबाडी म्हणत नाही. 'पूर्वापार चालत आलंय' म्हणतात. पूर्वापार चालत आलेल्या गोष्टींनी किती घरांचं वाटोळं केलं, हे मराठी वाचकाला मी नव्याने काय सांगणार?

या विद्येत एल्स्पेथबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. मागच्या वर्षी शेवटच्या दिवशी त्या खाडीवरच्या पुलाच्या रंगावर बावीस मिनिटं बोलल्या होत्या. रंगाचे थर, खारा वारा, गंज, करडा की हिरवा... पाचची घंटा झाली आणि मुख्यमंत्र्यांनी स्वतः येऊन पाठ थोपटली. बाईंनाही त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोला?

"आज काय, पुलाचा दुसरा थर का?" पक्षाचे प्रतोद पर्ली मॅक्विश प्रश्नांची यादी घेऊन आले. "आपल्या पोरांना वाटून दिलेत प्रश्न. ब्लूबेरीचा महोत्सव, दीपगृहाचं छप्पर, बर्फ काढायच्या गाड्या. तुम्ही फक्त बोलत राहा."

"बोलायचं मला शिकवू नका, पर्ली," एल्स्पेथबाई हसून म्हणाल्या आणि बूट चढवून उठल्या.

जिन्याच्या तोंडाशी, मांडीवर बिस्किटांचा डबा घेऊन, विनी डूसे बसली होती. वय चौऱ्याहत्तर, अंगात नवऱ्याचा जुना लोकरी कोट. गॅनेट कोव्ह या एल्स्पेथबाईंच्या कोळीवस्तीत ती सगळ्यांचीच मावशी. बाईंच्या पहिल्या निवडणुकीत सव्वा महिना कार्यकर्त्यांना जेवू घातलं होतं तिने.

"मावशी! तू इथे? आणि कळवायचं नाही का गं?"

"कळवलं होतं की. तीन पत्रं टाकली. तुझ्या ऑफिसातून प्रत्येकाचं छान उत्तर आलं, 'आपल्या पत्राबद्दल आभार' म्हणून." मावशीने डब्याखालून एक कागद ओढला. "हे बघ. दाराला चिकटवून गेले. जूनच्या अकरा तारखेला माझ्या घराचा लिलाव आहे."

एल्स्पेथबाईंनी कागद वाचला. घरपट्टी थकलेली, आणि तीही तिप्पट दराने. मालकाचं नाव अल्फॉन्स डूसे, मालकाचा प्रकार 'परप्रांतीय'. उन्हाळ्यापुरती घरं घेणाऱ्या बाहेरच्या श्रीमंतांवर तिप्पट पट्टी बसवायची, ही कल्पना बाईंचीच. तिच्याच जोरावर तर त्या निवडून आल्या होत्या.

"अल्फॉन्स परप्रांतात राहतो म्हणे," मावशी म्हणाली. "मला पत्ता तरी द्या त्याचा. नऊ वर्षं झाली, घरी जेवायला आलेला नाही."

अल्फॉन्स डूसे नऊ वर्षांपूर्वी होडीसकट समुद्रात गेला होता आणि त्याचं काहीच किनाऱ्याला लागलं नव्हतं. गॅनेट कोव्हमध्ये अशा माणसाचं नाव घराच्या कागदावरून काढत नाहीत. देह हाती लागलेला नाही, मग आपल्या हाताने त्याला कसं मारायचं? एल्स्पेथबाईंच्या आईनेही त्यांच्या वडिलांचं नाव मरेपर्यंत काढलं नव्हतं.

"कर कचेरीचं पत्र आलं होतं तुला? मालक कुठे राहतो म्हणून विचारणारं?"

"त्याच्या नावाचं पत्र मी कशी फोडणार? पाकिटावर लिहिलं, 'अल्फॉन्स इथे राहत नाही', आणि परत टाकलं पेटीत. खोटं लिहू का? आम्ही सगळ्याच तसं लिहितो."

झालं होतं ते एवढंच. मालक तिथे राहत नाही असा शेरा आला, कचेरीने त्याला परप्रांतीय ठरवलं आणि पट्टी तिप्पट केली.

"मावशी, मी बघते. तू गॅलरीत बस, चहा घे, मी—"

"बसते ना. ओडीलही बसली होती मागच्या वर्षी."

ओडील कोमो मावशीच्या शेजारची, तीही अशीच विधवा. जानेवारीत ती गेल्याचं कळल्यावर एल्स्पेथबाईंनी फुलं पाठवली होती.

"ओडील इथे आली होती?"

"तिचंही घर लिलावात निघालं होतं. विरोधी पक्षाच्या आमदाराने, त्या रोलंड थेरियोने, तिचा प्रश्न विचारायचं कबूल केलं होतं. त्याची पाळी पुढचीच होती गं. तू पुलाच्या रंगावर बोलत होतीस." मावशीच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "घर गेलं. शहरात भाड्याच्या खोलीत ठेवली तिला पुतण्याने. तिथे हिवाळा नाही काढला तिने. बिस्कीट घे, काकवीचं आहे."

एल्स्पेथबाईंनी बिस्कीट घेतलं. ते खाल्लं की नाही, हे त्यांना नंतर आठवेना.

आपल्या दालनात जाऊन त्यांनी दार लावलं. "वेंडेल, परप्रांतीय पट्टीत किती विधवा अडकल्यात?"

वेंडेलनी चष्मा पुसला. इतका वेळ चष्मा पुसणारा माणूस उत्तर शोधत नसतो, उत्तर लपवत असतो. मग त्यांनी उत्तरांची जाडजूड फाइल उघडून एकसष्टावं पान समोर ठेवलं. राहती घरं, दोनशे बारा. आजवर लिलाव झाले, एकोणीस. वर लाल शाईत सूचना होती, 'विचारलं तरच. थोडक्यात.'

"हे कधीपासून माहीत आहे आपल्याला?"

"दोन वर्षं होतील, मॅडम. टिपण पाठवलं होतं तुमच्याकडे." ते घुटमळले. "तुम्ही पाहिलंत."

टिपण मागेच जोडलेलं होतं आणि कोपऱ्यात बाईंची छोटी सही. वाचलं नव्हतं म्हणायची सोय नव्हती. वाचलं होतं. निवडणूक होऊ दे, मग बघू, असं त्या मनाशी म्हणाल्या होत्या, तेही आठवलं. दुरुस्ती केली असती तर चूक कबूल करावी लागली असती, आणि हातातलं उत्पन्नही सोडावं लागलं असतं.

"लिलाव थांबवायचा अधिकार कुणाला आहे?"

"कायद्याने तुमच्याच सहीत आहे. पण मुख्यमंत्र्यांच्या कचेरीला विचारल्याशिवाय आजवर कुणी..." वेंडेल थांबले. "मॅडम, आजचा दिवस जाऊ द्या. पाच वाजले की कुणी विचारणार नाही. उन्हाळ्यात गुपचूप करू काहीतरी."

"लिलाव जूनच्या अकराला आहे. तोवर आपल्याकडे कुठला उन्हाळा येतोय, वेंडेल?" त्या ओरडल्याच. बाहेर टाइप करणाऱ्या मुलीचे हात थांबले.

एकला कामकाज सुरू झालं. ब्लूबेरीच्या महोत्सवाने पाऊण तास खाल्ला. दीपगृहाच्या छपराने तेवढाच. एल्स्पेथबाई उठत होत्या, बोलत होत्या, बसत होत्या. जिभेला सवय होती, तिला मनाची गरज नव्हती. समोरच्या भिंतीवर घड्याळ, आणि त्याच्या बरोबर वर गॅलरीच्या पहिल्या रांगेत तो लोकरी कोट. एकाकडे बघावं तर दुसरं दिसायचंच.

रोलंड थेरियो प्रत्येक वेळी हात वर करायचा, आणि प्रत्येक वेळी सभापती आधी पर्लीच्या पोराला हाक मारायचे. लॉबस्टरचे सापळे ओढून घडलेला आडदांड माणूस तो, मान लाल करून खाली बसायचा. साडेचार झाले. पर्लीने बाकामागून चिठ्ठी सरकवली, 'बर्फाच्या गाड्या. वीस मिनिटं ओढा. मग झालं.'

बाईंनी चिठ्ठी वाचली, घडी केली. बर्फाच्या गाड्यांवरचा प्रश्न विचारून पर्लीचा तरुण आमदार हसत खाली बसला.

"गाड्या चांगल्या आहेत," एल्स्पेथबाई म्हणाल्या आणि बसल्या.

सभागृहात कुजबुज झाली. सभापतींनी चष्म्यावरून पाहिलं. आता पाळी रोलंडचीच होती, दुसरं कुणी उभंच नव्हतं. तो एवढा गोंधळला की कागद हातातून सुटला, वाकून उचलावा लागला.

"सभापती महोदय, अर्थमंत्र्यांना माझा एकच प्रश्न आहे. आमच्या किती विधवांना आपण परप्रांतीय ठरवून त्यांची राहती घरं विकायला काढली आहेत? आणि हे मंत्र्यांना कधीपासून माहीत आहे?"

एल्स्पेथबाई उभ्या राहिल्या. "सभापती महोदय, सन्माननीय सदस्यांनी अत्यंत महत्त्वाचा प्रश्न विचारल्याबद्दल मी त्यांचे आभार मानते. या करामागची भूमिका समजून घ्यायची, तर आपल्याला थोडं मागे जावं लागेल. आपल्या किनाऱ्यावर बाहेरच्या लोकांनी घरं घ्यायला सुरुवात केली, तेव्हा—"

काय हे! त्यांचं त्यांनाच ऐकू येत होतं. तोंड आपोआप पुलाच्या रंगाकडे निघालं होतं. पर्ली समाधानाने मागे रेलला. घड्याळात चार छत्तीस. वर मावशीने डबा मांडीवर नीट ठेवला आणि दोन्ही हात त्यावर जोडून ती ऐकू लागली. वर्षापूर्वी ओडीलही अशीच बसली असेल. उत्तर येईल म्हणून वाट बघत.

एल्स्पेथबाई मध्येच थांबल्या.

"दोनशे बारा," त्या म्हणाल्या. "एकोणीस घरं विकली गेली आहेत. मला दोन वर्षांपासून माहीत आहे. टिपणावर माझी सही आहे, आणि मी ते वाचलं होतं."

रोलंड उभाच. त्याच्याकडे पुढचा प्रश्नच नव्हता! सहा वर्षांच्या आमदारकीत त्याला एकदाही सरळ उत्तर मिळालं नव्हतं, मग पुढचा प्रश्न कोण लिहून आणणार?

"सन्माननीय सदस्यांनी आता विचारायला हवं की, पुढे काय," बाईच म्हणाल्या.

"पुढे... पुढे काय?" रोलंड म्हणाला.

"या घरांचे लिलाव मी आत्ता थांबवते आहे." त्यांनी वेंडेलपुढे हात केला. वेंडेलनी कोरा कागद दिला. बाईंनी उभ्यानेच चार ओळी लिहिल्या आणि खाली पूर्ण नावाची सही केली. "जास्तीची घेतलेली पट्टी परत करावी लागेल. अर्थसंकल्पातली आपली शिल्लक त्यामुळे राहणार नाही. ती शिल्लक या बायकांच्या छपराची होती. आणि या सभागृहाला एक सांगते. मागच्या वर्षी हाच प्रश्न यायचा होता. असा कुठलाच प्रश्न येऊ नये म्हणून मी पुलावर बोलले. ओडील कोमोचं घर त्या बावीस मिनिटांत गेलं. कुणी अडवलं नाही मला. टाळ्या वाजवल्यात तुम्ही."

"बसा खाली! बाई, बसा!" पर्ली ओरडला.

"बसते. अजून बावीस मिनिटं आहेत. ज्याला विचारायचं असेल, त्याने विचारा."

आणि मग विरोधकांतून एकामागून एक हात वर झाले.

सव्वापाचला मुख्यमंत्र्यांनी राजीनामा मागितला, आणि बाईंनी तो आमदारकीसकट दिला. आदेश मात्र सहीचा होता, त्याच्या प्रती निघाल्या होत्या आणि वार्ताहरांच्या हाती पडल्या होत्या. तो मागे घ्यायची कुणाची छाती झाली नाही. चाळीस तासांचा नियम आहे तिथेच आहे. त्याला हात लावायला अजून कुणी तयार नाही.

गॅनेट कोव्हची बस सहाला सुटते. सरकारी गाडी परत केल्यामुळे एल्स्पेथबाई मावशीशेजारी बसल्या होत्या. खिडकीबाहेर धुक्यातून ऊन उतरत होतं.

"पुढच्या वर्षी मी गॅलरीत येऊन बसणार आहे," त्या म्हणाल्या. "तो नियम जाईपर्यंत दर वर्षी. तू येशील?"

"गुडघे चालले तर येईन."

खाडीवरचा पूल आला. हिरवा रंग.

"मावशी, ओडील त्या दिवशी किती वेळ बसली होती?"

"घंटा होईपर्यंत. आम्ही याच बसने परत आलो."

"मला शिव्या दिल्या असतील."

"ओडील? छे गं." मावशीने डब्याचं झाकण लावलं. "तिला कुठे कळलं होतं तू मुद्दाम बोलतेयस ते. अख्खा रस्ताभर सांगत होती, आपली एल्सी काय सुंदर बोलते म्हणून. पुढच्या वर्षी नक्की आपलं नाव घेईल, म्हणाली."